भाजक्या मातीची पुडी

मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. आमच्या शाळेत पाटी-पेन्सिल अजून आहे, त्यामुळे पेन्सिल खाणारी दोन-तीन मुलं दर वर्षी वर्गात असतातच. ओठांच्या कडेला पांढरट रेघ दिसली की मी ओळखते. मग त्यांच्या दप्तरातल्या पेन्सिली काढून माझ्या टेबलाच्या खणात टाकते आणि पालकांना निरोप धाडते की मुलाचं रक्त तपासून घ्या. सात वर्षं हेच करत आले. आणि मागच्या वर्षी, पाच महिन्यांची गरोदर असताना, मधल्या सुट्टीत वर्गाचं दार ओढून घेऊन त्याच खणातल्या पेन्सिली मी खाल्ल्या. एखादी नाही, रोज चार-पाच.

हे लिहिताना लाज वाटते. पण लाजेपायीच सगळं इतकं हाताबाहेर गेलं, म्हणून आधी तेच सांगून टाकते. माझ्या अंगातलं रक्त इतकं कमी झालं होतं की बाळंतपणातून मी उठेन की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. आणि घरात आम्ही सगळे त्या आजाराचे लाड करत होतो.

लाड

पेन्सिलीला चव अशी नसते. दाताखाली कचकन आवाज येतो आणि मग तोंडभर ओल्या जमिनीचा वास पसरतो. शाळेचा व्हरांडा धुतला जायचा तेव्हा मी वर्ग सोडून दाराशी जाऊन उभी राहायची, नुसता वास घ्यायला. फ्रीजमधला बर्फ खरवडून खायची. कच्चे तांदूळ मुठीने तोंडात टाकायची. जेवण मात्र जायचं नाही.

एक दिवस पर्समधून पेन्सिलीचा तुकडा घरंगळत सासूबाईंच्या पायाशी गेला. मी त्यांना आई म्हणते. सिन्नरकडच्या खेड्यातून लग्न होऊन नाशिकला आल्या त्याला पस्तीस वर्षं झाली, पण बोलणं तिकडचंच राहिलं. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्या तर हसायलाच लागल्या.

"लपवती काय? डोहाळे हायेत ते. पोटातलं मागतंय, त्याला आपण नाय म्हणायचं व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्या बसने देवळाली कॅम्पला गेल्या. तिथल्या बाजारात एक म्हातारी भाजकी माती विकायला बसते, चांगली खरपूस, तांबूस, वड्या पाडलेली. पेपरच्या पुडीत बांधून आणली आणि माझ्या हातावर ठेवली. "पेन्सिल नको खाऊ, दात जातील. ही खा. भाजलेली हाय, बाधत नाय. आमच्या वर्षाला पण हेच डोहाळे लागले होते. तिला मी तिथूनच आणून द्यायची."

वर्षा माझी नणंद. मी तिला पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी पहिल्या बाळंतपणात ती गेली, बाळही राहिलं नाही. घरात त्याबद्दल एकच वाक्य बोललं जायचं, "रक्त थांबलंच नाही," आणि त्यापुढे कुणी काही विचारत नसे. आई तिच्या लहानपणाचं भरभरून बोलायच्या, तिच्या डोहाळ्यांचं बोलायच्या, पण मरणाचं कधी नाही. पुढच्या खोलीत तिचा डोहाळजेवणातला फोटो आहे. हिरवी साडी, हिरवा चुडा, दोन्ही हात मांडीवर ठेवलेले. त्या फोटोखाली बसून मी माती खात होते आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

आईंना माझ्या डोहाळ्यांचं भारी कौतुक. दळण आणायला गेल्या की गिरणीत सांगायच्या, बुद्धविहारात सांगायच्या, कोणती म्हातारी, कोणत्या ओट्यावर बसते, तेही सांगायच्या. आमच्या गल्लीत त्या वर्षी बऱ्याच जणींना तो ओटा माहीत झाला.

गुलाबी गोळ्या

शाळेत आम्ही मुलांना आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी देतो. गोळी दिली की मी समोर उभी राहते. "तोंड उघड. जीभ वर कर. आता पाणी पी." कुणी गोळी गालात दाबून धरली तर मला लांबूनही कळतं.

माझ्या स्वतःच्या गोळ्या कपाटात साड्यांच्या मागे होत्या. चौथ्या महिन्यात रक्त तपासलं तेव्हा आकडा नऊच्या आसपास आला होता. सिस्टर म्हणाल्या, "थोडं कमी आहे. सगळ्यांचंच असतं. गोळ्या चुकवू नका." मी पहिली दोन वाक्यं ऐकली. गोळीने पोट बिघडायचं, शौचाला काळं व्हायचं, दिवसभर तोंडात लोखंड चघळल्यासारखं वाटायचं. शेजारणी सांगायच्या की जास्त गोळ्यांनी बाळ काळं होतं, अंगाने मोठं होतं आणि मग पोट चिरावं लागतं. माझा त्यावर विश्वास नव्हता. पण सोयीचं होतं, म्हणून मी ते खोडूनही काढलं नाही. कधी घेतलीच गोळी तर आईंनी केलेल्या गरम चहाच्या घोटाबरोबर, चव जावी म्हणून. चहाने गोळीतलं लोह अंगाला लागत नाही हे मला माहीत असायला हवं होतं, मुलांच्या गोळ्यांच्या प्रशिक्षणात ते सांगितलं होतं. तपासणीला गेले की सिस्टर विचारायच्या, "गोळ्या चालू आहेत ना?" मी "हो" म्हणायची. माझ्या वर्गातलं कुणी असं खोटं बोललं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

सातव्या महिन्यात कानात आवाज सुरू झाला. उशीवर डोकं टेकलं की आपल्याच काळजाचे ठोके कानात. द्वारका चौकात रिक्षातून उतरून समोरच्या बाजूला जायचं तर मी अर्ध्यात दुभाजकावर उभी राहायची, गाड्या जाऊ देते आहे असं दाखवत. खरं तर पाय उचलत नसत. घरी म्हणाले, पोट वाढलंय, धाप लागणारच. संदीप, माझा नवरा, सातपूरच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. तो म्हणाला, "रजा टाक आता." त्यालाही वाटलं, दमलीये.

मग एक दिवस वर्गातली एक मुलगी पाटी दाखवायला आली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या हाताला खडू लागलाय." मी नळावर जाऊन हात धुतले. परत आले. ती म्हणाली, "अजून आहे." मी तळवे उघडून पाहिले. त्या दिवशी मी खडूला हातच लावला नव्हता.

त्या क्षणी मला भीती वाटली. पहिल्यांदाच. आणि तरीही मी पुढचे दहा दिवस कुणाला काही बोलले नाही.

डावी बाजू

आठव्या महिन्याच्या तपासणीला सरकारी दवाखान्यात गेलो, मी आणि आई. आदल्या आठवड्यात रक्त दिलं होतं, त्याचे कागद आले होते. आम्ही पंचवीस-तीस जणी असू. सिस्टरनी गठ्ठा वाटला आणि मोठ्याने सांगितलं, "ज्यांच्या कागदावर लाल गोल आहे त्यांनी डाव्या बाजूच्या बाकांवर बसा."

बायका उठायला लागल्या. डावीकडचे बाक भरले, मग डावीकडची भिंत भरली, मग काही जणी खाली बसल्या. उजवीकडे चार-पाच जणी राहिल्या, एकमेकींकडे बघत, जणू त्यांचंच काही चुकलं असावं. आमच्या बाजूला कुणीतरी म्हणालं, "इकडंच बरं, गप्पा तरी होतील," आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. इतक्या जणी आहोत म्हणजे घाबरण्यासारखं काही नसणार, असं मी स्वतःला सांगितलं. आता ती भरलेली भिंत आठवली की अंगावर काटा येतो.

डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी आधी कागद पाहिला, मग मला पाहिलं, मग अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली. नखं पाहिली. नखं मधे खोलगट झाली होती, मला वाटलं होतं खडूमुळे.

"हिमोग्लोबिन पाच पॉइंट आठ. माती, पेन्सिल, बर्फ, असलं काही खावंसं वाटतं का?"

माझ्याआधी आईच बोलल्या, कौतुकाने. "व्हय तर. लय डोहाळे हायेत हिला. मीच आणून देते, भाजलेली."

"मावशी, डोहाळे नाहीत हे. अंगात रक्त कमी झालं की असं खावंसं वाटतं. हा आजार आहे."

मी विचारलं, "उद्या ॲडमिट झाले तर चालेल का? शाळेत सांगून येते."

"आज," डॉक्टर म्हणाल्या. "बाळंतपणात प्रत्येकीचं थोडं रक्त जातं. तुमच्याकडे जायला तेवढं नाही. आत्ता कळा सुरू झाल्या तर मी काहीच सांगू शकत नाही."

आईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती. रांगेत उशीर होईल, सुनेला मधे काहीतरी लागेल, म्हणून पुडी तिच्यात होती. त्यांनी पिशवीचं तोंड मुठीत धरलं होतं.

"म्हंजी हे आधी कळतं?" त्यांनी विचारलं. "माती मागितली, की कळतं?"

"कळायला पाहिजे, मावशी," डॉक्टर लिहितालिहिता म्हणाल्या. त्यांचं लक्ष कागदाकडे होतं. आईंच्या चेहऱ्याकडे फक्त मी पाहत होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

वॉर्ड

वॉर्डातली सकाळ सहाला सुरू व्हायची. आधी ताप आणि बीपी, मग झाडू, मग चहाची किटली. किटली माझ्या खाटेपाशी आली की आयाबाई स्वतःच म्हणायच्या, "तुला नाय. तुला लिंबूपाणी." कुठून तरी अर्धं लिंबू आणून गोळीच्या पाण्यात पिळायच्या. त्यांना कुणी तसं सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रक्ताची पहिली पिशवी लावली. आधी फ्रीजमधून काढलेली, त्यामुळे हात खांद्यापर्यंत गार पडला. सिस्टर पहिली पंधरा मिनिटं उठल्या नाहीत. "थंडी वाजते? खाज येते? पाठीत दुखतं?" पुन्हा पुन्हा तेच. मला प्रत्येक प्रश्नाला वाटायचं की हो, होतंय. बाळ हललं नाही की मी श्वास धरून वाट बघायची. दिवसाला एकच पिशवी, तीही हळूहळू, कारण एकदम दिली तर काळजावर ताण येतो. माझ्या काळजाची एवढी जपणूक करावी लागते हे ऐकूनच निम्मी गार झाले.

शेजारच्या खाटेवर संगीता होती, निफाडकडची, द्राक्षबागेत मजुरीला जाणारी. तिसरी खेप. तिचा आकडा माझ्याहून खाली होता आणि बोलणं माझ्याहून दुप्पट. माझ्या हाताला सुई होती म्हणून तिनेच दोन दिवस माझी वेणी घातली.

"ताई, तुमी मास्तरीण ना? मग तुमाला कसं झालं हे? आमचं समजतं, आमी उन्हातान्हात."

मी म्हटलं, "माझ्या मूर्खपणाने."

"मंग आमच्यासारखंच की," ती म्हणाली आणि वेणीला पीळ घातला.

एक पिशवी झाल्यावर तिचा नवरा आला. बागेत घडांची विरळणी चालू होती, घरी दोन पोरी होत्या, सांभाळायला कुणी नव्हतं. डॉक्टरांनी बसून समजावलं, सिस्टर चिडल्या. संगीताने स्वतःच्या जबाबदारीवर जाते म्हणून अंगठा दिला. जाताना मला म्हणाली, "लय बरं वाटतंय आता. सोमवारी येते परत." चप्पल घालायला वाकली आणि खाटेची दांडी धरून उभी राहिली, मी द्वारकेला उभी राहायची तशी. मी तिचा नंबर लिहून घेतला. सोमवारी ती आली नाही. तोवर त्या खाटेवर दुसरी बाई आली होती, तिच्याही कागदावर लाल गोल होता.

निळं पाणी

मला रक्त लागणार म्हणून घरच्यांपैकी कुणी रक्त दिलं तर बरं, असं रक्तपेढीत सांगितलं होतं. संदीपने दिलं. मग आई हटून बसल्या की मीही देणार. तिथे बोटाला टोचून एक थेंब निळ्या पाण्यात सोडतात. रक्त चांगलं असेल तर थेंब तळाला जातो. आईंचा थेंब वरच राहिला.

"मावशी, तुमचंच कमी आहे, तुम्ही काय देणार?" तिथला माणूस म्हणाला.

हे त्यांनी मला खाटेपाशी बसून सांगितलं. म्हणाल्या, "दोन बाळंतपणं झाली माझी. मी पण माती खायचीच की. माझी आई आणून द्यायची."

संध्याकाळी भेटीच्या वेळेला संदीप आला तो रागानेच. त्याला डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. वॉर्डाच्या दारात, चार लोकांसमोर, तो आईंना म्हणाला, "तूच खायला घातलंस तिला. एवढी बसने जाऊन आणत होतीस." आईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि भिंतीकडे बघत राहिल्या.

मी खाटेवरून ऐकत होते. साड्यांमागच्या गोळ्या फक्त मला माहीत होत्या. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं आणि मी बोलले नाही. एका बाईला माझ्या वाटणीचा दोष मी तीन दिवस वाहू दिला. आजारपणातली सगळ्यात वाईट गोष्ट कुठली असं मला कुणी विचारलं तर मी सुईचं नाव घेणार नाही, हे सांगेन.

चौथ्या दिवशी दुपारी सांगितलं. म्हटलं, "आई, मी गोळ्या घेतच नव्हते. कपाटात लपवल्या होत्या."

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "कपाट मीच लावते ना."

मी उशीवरून मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"मला वाटलं, बरंच हाय. बाळ गोरं होईल." एवढं बोलून त्या खाटेच्या कडेला सरकल्या. मग माझ्या सुई नसलेल्या हाताची बोटं धरली आणि तो तळवा उताणा केला. बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. "वर्षाचं पण हेच असंल का गं, करुणा?"

"माहीत नाही, आई," मी म्हणाले.

मला माहीत होतं. घरातला तो फोटो मी मनात पुन्हा पाहिला होता. हिरव्या चुड्यातले तिचे हात कागदासारखे पांढरे आहेत. इतकी वर्षं आम्हाला वाटलं, फोटो जुना झालाय.

बाळंतपण

चार पिशव्या आणि लोहाची सलाइनं मिळून आकडा नऊच्या जवळ पोहोचला. घरी सोडलं. मग पंधरा दिवस मी बोटांवर दिवस मोजत होते, आई माझ्या पापण्या ओढून बघत होत्या, आणि मातीचा वास आला तरी आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो नाही. गंमत म्हणजे, रक्त वाढलं तशी मातीची ओढ आपोआप गेली. वड्यांचा वासही नको झाला. ज्याला आम्ही पोटातल्या बाळाची हौस समजत होतो त्याचा बाळाशी काही संबंधच नव्हता.

कळा दुपारी सुरू झाल्या. मुलगी झाली, रडली, मी तिचा आवाज ऐकला. त्यानंतर सगळं जरा लांब गेलं. अंगाखाली गरम ओल पसरत होती आणि थांबत नव्हती. सिस्टरचा आवाज बदलला. डॉक्टर म्हणाल्या, "रक्ताची पिशवी कुठाय? बाहेर कोण आहे यांचं?"

बाहेर आई होत्या. संदीप कारखान्यातून निघाला होता, पोहोचायचा होता. वर्षाच्या वेळी काय झालं ते मला नंतर कळलं, आईंनीच सांगितलं. तेव्हा रक्त दुसऱ्या गावाहून आणायचं होतं. माणूस गेला, पिशवी घेऊन आला, आणि ती लावायची वेळच आली नाही. ती न लावलेली पिशवी आईंनी पाहिली होती.

या वेळी चिठ्ठी घेऊन त्या स्वतः गेल्या. रक्तपेढी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, मधे पटांगण. छप्पन वर्षांची बाई, स्वतःच्या अंगात रक्त कमी, पटांगण पळत पार करून गेली आणि आली. पिशवी पदराखाली छातीशी धरली होती. दारात सिस्टर ओरडल्या, "मावशी, अशी धरू नका, गरम होते." आईंनी ती त्यांच्या हातात दिली आणि तिथेच जमिनीवर बसल्या. हे सगळं मला नंतर सांगितलेलं. मला आठवतं ते एवढंच, की हात पुन्हा खांद्यापर्यंत गार पडला, आणि त्या गारव्याचा मला इतका आनंद झाला की मी रडले.

मी वाचले. आकडा चौथ्या महिन्यात नऊ होता तेव्हाच गोळ्या घेतल्या असत्या तर यातलं बहुतेक काहीच झालं नसतं. आणि तो तसाच पाच-सहावर राहिला असता तर एवढं रक्त गेल्यावर मी आज हे लिहायला नसते. मुलगी सव्वादोन किलोची होती. तिचं रक्तही आम्ही तपासून घेतो आहोत.

संगीताला मी पुष्कळदा फोन केला. आधी बंद यायचा. एकदा एका बाईने उचलला. मी म्हटलं, संगीता आहे का. तिने फोन ठेवून दिला. त्यानंतर मी केला नाही. माझ्यात धीर नाही.

विहारातला हॉल

गेल्या रविवारी पलीकडच्या गल्लीतल्या प्रियांकाचं डोहाळजेवण होतं, कॉलनीतल्या विहाराच्या हॉलमध्ये. सातवा महिना. मी मुलीला घेऊन गेले. आई नेहमीप्रमाणे शेवटी, दाराजवळ बसल्या. आमच्यात कुणी शकुन-अपशकुन मानत नाही, पण वर्षा गेल्यापासून अशा कार्यक्रमात त्या आपणहून मागे बसतात आणि त्यांना पुढे या म्हणायला कुणी उठत नाही.

ओटी भरून झाली. बायका प्रियांकाला चिडवायला लागल्या, काय काय खावंसं वाटतं सांग. ती लाजली. तिची सासू हसत म्हणाली, "काय सांगणार, हिला मातीचं वेड लागलंय. करुणाच्या सासूबाईंनी ओटा दाखवला म्हणून बरं. आता मला दर आठवड्याला देवळाली कॅम्प." हॉल हसला. कुणीतरी म्हणालं, "मुलगाच होणार बघा."

मी हसणाऱ्या बायकांमधून मागे पाहिलं. आई उठल्या होत्या.

त्या सरळ मधून चालत गेल्या. प्रियांकाच्या समोर बसल्या, तिचा हात घेतला आणि उताणा केला. हिरव्या चुड्याखाली पांढरट तळवा. मग अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली.

"अहो, हे काय," प्रियांकाची सासू म्हणाली. "आज तरी असलं नको."

"आजच," आई म्हणाल्या. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "माझ्या वर्षाला मी या हातानं माती भरवली. लय कौतुकानं भरवली. तिच्या मागं करुणाला. तुमाला ओटा दाखवला तो पण मीच. उद्या सकाळी हिचं रक्त तपासायला जायचं. मी येते संगं."

इतक्या वर्षांत वर्षाच्या मरणातला स्वतःचा वाटा त्यांनी पहिल्यांदा चारचौघींत बोलून दाखवला होता. मला उठून त्यांच्याजवळ जायचं होतं, पण मांडीवर मुलगी झोपली होती.

प्रियांकाची सासू कसनुसं हसली. "ताई, तपासलंय हो. थोडं कमी आहे म्हणाले. सगळ्यांचंच असतं."

"व्हय," आई म्हणाल्या. "सगळ्यांचंच असतं. वर्षाचं पण होतं."

त्यांनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. प्रियांकाने सासूकडे पाहिलं, मग आईंकडे. मग कमरेला खोचलेली पुडी काढून तिने त्यांच्या हातावर ठेवली. पुडी निम्मी संपलेली होती.